थेंबभरही पाणी नाही

दुभाषीबाईंना काळजी करायला कारण लागत नसे. कारण नसलं की त्याचीच काळजी: सगळं इतकं सुरळीत कसं काय चाललंय? घरातून निघताना कुलूप ओढून बघायच्या, कोपऱ्यापर्यंत जाऊन परत यायच्या, पुन्हा ओढायच्या, आणि मग दिवसभर मनाला टोचणी, की सारखं ओढून ओढून कुलूप ढिलं तर झालं नसेल? नवरा बसडेपोत मेकॅनिक, स्वभावाने थंडगार. दुपारची झोप झाल्यावर बघता येणार नाही असं एकही संकट जगात नाही, हे त्याचं ठाम मत. तो म्हणायचा, "तुझ्या जिवाला घोर नसला ना, तर तुला ताप भरेल."

आता अशा बाईच्या पदरात काम कोणतं पडावं? तर दोन माणसांच्या मधे बसून एकाचं बोलणं दुसऱ्याला सांगायचं. त्यात शब्द इकडचा तिकडे झाला तर खापर कुणाच्या डोक्यावर फुटणार, हे सांगायला नको. आधी त्या शाळेत परकी भाषा शिकवायच्या. तो विषय घ्यायला मुलं मिळेनात, म्हणून शाळेने विषयच बंद केला. मग बरीच वर्षं घरी बसून औषधांच्या डब्यांतली माहितीपत्रकं आपल्या भाषेत करून दिली, आणि प्रत्येक औषधाचे दुष्परिणाम वाचता वाचता ते सगळे आपल्याला होतायत अशी त्यांची खात्री पटत गेली. गोळी न खाता दुष्परिणाम भोगणारी बाई जगात ही एकच असेल.

मग गावामागच्या डोंगरात वाफेचा प्रकल्प आला आणि बाईंचं नशीब उघडलं. नशीब म्हणा नाहीतर छातीतली धडधड म्हणा, त्यांच्या बाबतीत दोन्ही एकच.

प्रकल्प असा, की त्या डोंगराखाली जमीन तापलेली आहे. खोल भोक पाडलं की वाफ वर येणार, वाफेवर चाक फिरणार, चाकावर वीज. ऐकायला किती सोपं! पण वाफ आहे की नाही हे भोक पाडल्याशिवाय कळत नाही, भोक पाडायला मरणाचा पैसा लागतो, आणि वाफ डोळ्यांनी बघितल्याशिवाय कुठलीही बँक दमडी सोडत नाही. बसा बोंबलत. ह्यातून वाट काढायला बऱ्याच देशांनी मिळून एक निधी उभा केला होता. पहिली विहीर वाया गेली तर तिचा बहुतेक खर्च निधी सोसणार, पण मग मंडळी गाशा गुंडाळून दुसऱ्या डोंगराकडे जाणार. विहीर लागली, तर बँक पुढच्या विहिरींना आणि वीजघराला कर्ज देणार. यंत्र एका देशाचं, इंजिनिअर दुसऱ्या देशाचे, बँक तिसरीकडची आणि डोंगर आपला. ही सगळी मंडळी आपसांत जी भाषा बोलायची, ती गावात बाईंशिवाय कुणाला धड येत नव्हती.

पण बाईंना खरी धास्ती होती ती दादाची.

दादा म्हणजे त्यांचा सख्खा थोरला भाऊ. आईवडील लवकर गेले तेव्हा त्यानेच बाईंना वाढवलं. जन्मभर पाण्याच्या बोअर मारल्या. बोअरच्या गाडीत शेजारी बसवून बहिणीला शाळेत सोडायचा आणि तसाच पुढे कामावर जायचा. तरुणपणी त्याने त्या डोंगराच्या अंगालाही पाण्यासाठी भोकं पाडली होती, आणि दरवेळी खालून आलं ते कढत, सडक्या अंड्याच्या वासाचं पाणी. सगळं गाव हसलं होतं. त्यामुळे प्रकल्पाची माणसं डोंगर बघायला आली, तेव्हा आपल्या त्या जुन्या फजितीला एवढ्या वर्षांनी कुणीतरी भाव देतंय असं वाटून दादा हरखून गेला.

विहिरीसाठी डोंगराच्या कडेची वरची गल्ली रिकामी करायची होती. दादाचं घरही त्याच गल्लीत. खाली नवी वसाहत बांधून मिळणार होती, पण लोक काही केल्या तयार होईनात. परक्यांच्या भरवशावर घर कोण सोडणार? मग दादा घरोघर फिरला. "खाली वाफ आहे. मी सांगतो. माझ्या शब्दावर चला." आणि लोक खरोखर त्याच्या शब्दावर गेले. सगळ्यात शेवटी गेली शिंपीणकाकू. तिच्या जुन्या घरात खिडकीतून शिलाईवर बरोबर उजेड पडायचा, नव्या घरात खिडकी भलत्याच बाजूला. "तू म्हणतोस म्हणून जाते हो," ती म्हणाली, "नाहीतर त्या गोऱ्यागोमट्या साहेबाला मी दारात उभा केला नसता."

हे सगळं झाल्यावर दादाच्या छातीत एकदा कळ येऊन गेली. डॉक्टर म्हणाले, मनाला त्रास करून घ्यायचा नाही. हे सांगायला फी घेतात! दादाने गोळ्या खिशात टाकल्या आणि घरी येताना बहिणीला सहज म्हणाला, "वाफ लागली नाही ना चिमणे, तर मी काही वसाहतीत तोंड दाखवायला राहायचा नाही." सहज म्हणाला म्हणूनच बाईंना ते खरं वाटलं. धमकी म्हणून बोलला असता, तर त्यांनी चार शब्द सुनावले असते.

तेव्हापासून त्यांची झोप उडाली. नवऱ्याला विचारायच्या, "अहो, तो म्हणाला त्याचा अर्थ काय हो?"

"अर्थ काय असायचा? दुसरीकडे राहायला जाईल."

"दुसरीकडे म्हणजे कुठे?"

"अगं, मी काय त्याच्या पोटात शिरलोय?" म्हणून नवरा कुशीवर वळायचा.

विहीर पाहिजे तेवढी खोल गेली. एका दुपारी चाचणीसाठी झडप उघडली आणि डोंगराच्या पाठीमागून असा काही आवाज सुरू झाला, की फडताळातली भांडी थरथरायला लागली. कुत्री पलंगाखाली शिरली. दादा कुंपणापाशी जाऊन बसायचा. खालून विषारी वायू येतो म्हणून आत कुणालाच सोडत नसत, पण डोंगरामागून वर येणारा पांढरा लोट तिथून दिसायचा. ते दिवस दादाचे. चार लोकांना बोलावून दाखवायचा. आणि मग एका सकाळी आवाज बंद. लोटही गायब.

गावाच्या तोंडचं पाणी पळालं. वाफ होती ती संपली का? तळाशी काही कोसळलं का? प्रकल्पाचा मोठा इंजिनिअर ताडमाड उंच होता, मुलांनी त्याचं नाव जिराफ ठेवलं होतं. बाईंनी त्याला गाठून विचारलं. तो नम्रपणे म्हणाला, "निकाल आधी बँकेला, मग जाहीर सभेत सगळ्यांना. तसा करार आहे." सभेत म्हणे! चांगली बातमी कुणी सभेपर्यंत पोटात ठेवतं का? दादा त्या दिवसापासून कुंपणाकडे फिरकला नाही. जेवायला बसायचा आणि ताटाकडे बघत राहायचा. विचारलं की म्हणायचा, "काही नाही गं. भूक नाही."

सभेच्या तयारीला बाई लागल्या त्या अगदी हात धुऊन. दाब, झडप, भूस्तर, परतावा, हमी, अवघड म्हणून जेवढे शब्द सुचले तेवढे त्यांनी घोकून टाकले. स्वयंपाक करताना घोकले, केस विंचरताना घोकले. सोप्या शब्दांकडे बघायचं त्यांच्या मनातही आलं नाही. सोपे शब्द कुणी घोकतं का?

सभा नगरपालिकेच्या सभागृहात, सकाळी. प्लास्टिकच्या खुर्च्या, कुरकुरणारे पंखे आणि हात लावला की शीळ घालणारा माइक. टेबलामागे बँकेची बाई, निधीची दोन माणसं, जिराफ आणि नगराध्यक्ष. टेबलाच्या कडेला दुभाषीबाई. समोर सगळी वसाहत. दादा तिसऱ्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता. फोटो काढून घ्यायला बसतात तसा.

स्वागत झालं, आभार झाले, निरनिराळे देश हातात हात घालून काय काय करू शकतात ह्याचं एक भाषण झालं. बाईंनी ते सगळं घोकलेल्या शब्दांत व्यवस्थित सांगितलं. मग जिराफ उभा राहिला. तो एकच वाक्य बोलला, थांबला, आणि आणखी एक बोलला. मग तुम्ही सांगा, अशी त्याने बाईंकडे बघून मान हलवली.

काम ते काम. बाईंनी माइक ओढला आणि दादाकडे न बघता सांगितलं, "विहीर कोरडी आहे. पूर्ण कोरडी. सगळीकडून तपासून पाहिलं, थेंबभरही पाणी नाही."

आता बघा, एरवी ही बाई कशी? चहात साखर घातली का, हे दोनदा विचारणारी. भाषांतर करतानाही शंका आली की समोरच्याला थांबवून, माफ करा, पुन्हा सांगाल का, असं विचारून त्याचा जीव खाणारी. त्या दिवशी मात्र एकही प्रश्न विचारला नाही. कारण तो शब्द तिच्या घरचा होता. संध्याकाळी भाऊ दारात उभा राहून 'कोरडी' म्हणाला, की त्या घरात कुणी कुणाशी बोलायचं नाही. बोअरवाल्याची बहीण ती, तिला कोरडीचा अर्थ काय विचारायचा? दुसरा कुणी दुभाषा असता तर निदान अडखळला असता. बाई अडखळल्या नाहीत, आणि तिथेच घात झाला.

सभागृह सुन्न झालं. आणि त्या शांततेत टेबलामागची पाहुणेमंडळी हसत होती! बँकेच्या बाईने तर सकाळपासून पहिल्यांदाच दात दाखवले. निधीचा एक माणूस जिराफाशी हात मिळवत होता.

"हसतात काय मेले!" मागून कुणीतरी ओरडलं.

मग जो गलका उठला, त्यात पंखेही ऐकू येईनात. नगराध्यक्ष लालबुंद होऊन उठले. "बाई, सांगा त्यांना! आमची गल्लीच्या गल्ली उठवली आणि आता वर दात काढता? लाज नाही वाटत? आमची जमीन आम्हाला परत द्या म्हणावं!"

बाईंनी घाम पुसला आणि परक्या भाषेत सांगितलं, "गावाला काही प्रश्न आहेत."

तेवढ्यात त्यांना दिसलं, दादा उठला होता. पुढच्या खुर्चीच्या पाठीला धरून सरळ झाला, शेजाऱ्याच्या खांद्यावर हात टेकत रांगेतून बाहेर पडला आणि दाराकडे निघाला. बाईंना पळत जाऊन त्याचा हात धरावा असं वाटलं, पण दुभाष्याने कसं उठायचं? त्या उठल्या की दोन्हीकडची मंडळी मुकी. दादा दारातून दिसेनासा झाला आणि त्या तिथेच खिळल्यासारख्या बसून राहिल्या.

बँकेची बाई त्यांच्याकडे वाकली. हसू आता मावळलं होतं. "गाव चिडलंय का? ह्याच्याहून चांगली बातमी मी दुसऱ्या कुठल्याच देशात ऐकलेली नाही."

"चांगली?" दुभाषीबाई म्हणाल्या. "अहो, विहीर कोरडी आहे."

"हो ना!" बँकेची बाई आनंदाने म्हणाली.

तेव्हा जिराफ मधे पडला आणि हातवारे करून सांगू लागला. बहुतेक ठिकाणी वाफेबरोबर कढत पाणी येतं. ते वेगळं काढा, पुन्हा खाली सोडा, हजार भानगडी. इथे नुसती वाफ आली, पाण्याचा अंश नाही, ती सरळ चाकावर घेता येते. फार क्वचित मिळतं असं. अशा वाफेला म्हणायचं कोरडी. हवी ती सगळी मोजमापं झाली, म्हणून झडप बंद केली. उगाच वाफ कशाला दवडायची?

बाईंना घेरीच यायची बाकी राहिली. त्यांनी माइक धरला. तो किंचाळला तशी सभा क्षणभर गप्प झाली. "थांबा, ऐका. मी चुकले. चूक माझी आहे, त्यांची नाही. कोरडी म्हणजे नुसती वाफ. पाणी नाही, सगळी वाफच आहे. भरपूर आहे. विहीर लागली."

"लागली?" नगराध्यक्षांचं तोंड उघडंच राहिलं. "मग मघाशी कोरडी कोरडी काय लावलं होतंत?"

"सांगते ना, चुकले म्हणून!" बाई रडकुंडीला येऊन ओरडल्या. जन्मात पहिल्यांदाच त्या नगराध्यक्षांवर ओरडल्या असतील.

पुन्हा गलका झाला, पण आता निराळा. कुणी शिट्टी मारली, कुणी शेजाऱ्याच्या पाठीत धपाटा घातला. एरवी बाईंचा जीव भांड्यात पडला असता. पण तिसऱ्या रांगेतली खुर्ची रिकामी होती. त्यांनी जिराफाची बाही धरली आणि म्हणाल्या, "माझा भाऊ गेला. त्याने चुकीचंच ऐकलंय. त्याचं हृदय..." पुढचं त्यांच्याने बोलवेना. जिराफाला जेवढं कळलं तेवढं पुरलं. "बाहेर गाडी आहे, चला," म्हणून तो लांब ढांगा टाकत निघाला. सभेला चहाची सुट्टी झाली.

आधी गेले कुंपणापाशी. पहारेकरी म्हणाला, दादा आज आलेलाच नाही. मग वरच्या गल्लीत. रिकामी घरं, दारं काढून नेलेली, भिंतींवर खिळे तेवढे राहिलेले. बाई घराघरात डोकावून हाका मारत सुटल्या. "दादा! ए दादा!" दादाच्या जुन्या घरात गेल्या, मागच्या खोलीत गेल्या, आणि त्या खोलीत शिरताना त्यांनी डोळे मिटून घेतले होते. काय दिसेल ह्याची भीती होती, ते मनातल्या मनातसुद्धा त्यांनी स्वतःला सांगितलं नव्हतं. खोलीत कुणी नव्हतं. जिराफ दारातून वाकून आत बघत होता आणि बाई भिंतीला धरून उभ्या होत्या. आपण एक शब्द चुकलो आणि आपल्या हाताने भावाला मारलं, एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत होतं.

वसाहतीत आले तर पहिल्याच दारात एक म्हातारे गृहस्थ उभे. "दादा ना? आत्ताच येऊन गेला की. माफी मागत होता. मी म्हटलं, अरे बस, पाणी तरी घे. बसेचना. पुढच्या घरी गेला." पुढच्या घरी विचारलं, तिथेही तेच. त्याच्या पुढच्या घरी तर धाकटी सून डोळे पुसत होती. ज्यांना ज्यांना त्याने आपला शब्द दिला होता, त्या सगळ्यांच्या दारी तो एकेक करून हात जोडत चालला होता. सभेला गेलेली मंडळी अजून परतायची होती. घरी होती ती म्हातारी, आजारी, लेकुरवाळी माणसं. त्यांना सभेत पुढे काय झालं ते ठाऊक नव्हतं.

दादा सापडला शिंपीणकाकूच्या पायरीपाशी. तिचे गुडघे धरलेले, म्हणून ती सभेला गेली नव्हती. गळ्यात टेप, हातात अर्धवट टाचलेलं कापड, अशी दारात उभी होती, आणि हा खाली मान घालून बोलत होता, "काकू, तुमचं घर माझ्यामुळे गेलं. मी मोठेपणा केला. मला काही कळत नव्हतं."

"दादा!" बाई धावत आल्या. धाप लागली होती, शब्द एकात एक अडकत होते. "दादा, चांगली आहे विहीर! मी चुकीचं सांगितलं. कोरडी म्हणजे नुसती वाफ. लागलीय, दादा, विहीर लागलीय!"

दादाने तिच्याकडे बघितलं. हसला. डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "बरं, बरं. लागली तर लागली. तू रडू नकोस."

बाई चरकल्या. त्याला एक अक्षर खरं वाटलं नव्हतं. आणि का वाटावं? लहानपणी बोअर वाया गेली की ह्याच बहिणीने त्याच्या मांडीवर बसून सांगितलं होतं, आहे दादा, थोडं खाली आहे, उद्या लागेल. मोठी झाल्यावरही तेच. डॉक्टर गंभीर होऊन काही बोलले, की हिने बाहेर येऊन सांगायचं, काही नाही म्हणाले. भावाला बरं वाटावं म्हणून ही आजवर किती खोटं बोलली असेल ह्याला गणती नव्हती, आणि त्याला दरवेळी कळत होतं.

"देवाशपथ सांगते, दादा."

"हो गं चिमणे."

मग त्यांनी जिराफाला पुढे ओढलं. "तुम्ही सांगा. तुमच्या तोंडून सांगा त्याला." जिराफ बिचारा कमरेत वाकला, दादाच्या डोळ्यांत डोळे घालून आपल्या भाषेत सांगू लागला. चांगला बराच वेळ बोलला. हाताने वर जाणारा लोट दाखवला, चाक फिरवून दाखवलं, छातीवर हात ठेवला. दादाने मान खाली करून सगळं आदराने ऐकून घेतलं. जिराफ थांबला, तसा तो बहिणीकडे वळला.

"काय म्हणतोय?"

आता कुणाला बोलवायचं? ती भाषा गावात येणाऱ्या त्या एकट्याच.

"अगं सांग ना बाई!" शिंपीणकाकू वैतागली. "इथे माझे पाय दुखतायत!"

बाईंनी डोळे पुसले, आवाज सभेतल्यासारखा केला आणि शब्दाला शब्द लावून सांगितलं, "विहिरीतून फक्त वाफ येते आहे. पाणी अजिबात नाही. अशी विहीर फार क्वचित लागते. बँक आज पुढच्या विहिरींना होकार देणार आहे. भावाला सांगा, त्यांचं म्हणणं खरं ठरलं."

अगदी हळू आवाजात दादाने विचारलं, "हे तो म्हणतोय, की तू म्हणतेस?"

"तो म्हणतोय, दादा. मी नुसती मधे आहे."

दादा शिंपीणकाकूच्या पायरीवर मटकन बसला. दोन्ही तळव्यांनी तोंड झाकून घेतलं. काकूने हातातलं कापड खाली टाकलं आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग त्याने नाक ओढलं, मान वर केली. जिराफाकडे एकदा नीट निरखून बघितलं, एका बोअरवाल्याने दुसऱ्याकडे बघावं तसं.

"विचार त्याला," तो म्हणाला, "किती खोलीवर लागली?"

वाया गेलेल्या बोअरची खोली दादाने उभ्या जन्मात कुणाला विचारली नव्हती. बाई जिराफाकडे वळल्या, आणि खोलीला त्या भाषेत काय म्हणतात तेच त्यांना आठवेना. साधा शब्द, शाळेत पहिल्या वर्षाला शिकवलेला. त्या नुसत्या रडत जमिनीकडे बोट दाखवत राहिल्या, आणि जिराफ वाकून वाकून बघायला लागला, की खाली काय पडलंय.